मातीआड जाणारे काम : घराची ड्रेनेज लाइन घालताना

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. तागा उलगडून पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. वरची घडी कितीही चांगली दिसली तरी आत डाग निघतो, धागे तुटलेले असतात, पन्हा कमी भरतो. पण कापड निदान परत करता येते. घर बांधताना आपण एक माल असा घेतो की तो परत करता येत नाही आणि एकदा घेतला की पुन्हा उलगडून पाहताही येत नाही. तो म्हणजे जमिनीखाली घातलेली सांडपाण्याची व संडासाची पाइपलाइन.

फरशी, रंग, दरवाजे, नळाच्या तोट्या यांच्यासाठी आपण चार दुकाने फिरतो, भाव करतो, घरातल्या सर्वांचे मत घेतो. ड्रेनेजचा विषय निघाला की मात्र "ठेकेदार बघून घेईल" असे म्हणून मोकळे होतो. घराच्या एकूण खर्चात या कामाचा वाटा लहान असतो. पण ते बिघडले की बाकीचा सगळा खर्च पाण्यात जातो. हे मी ऐकीव सांगत नाही, स्वतः भोगून सांगतो.

घरचा तजुर्बा

२००४ मध्ये मी घराचा मागचा भाग नव्याने बांधला. सीझनचे दिवस होते आणि मी दुकान सोडून साइटवर थांबू शकत नव्हतो. एके दिवशी संध्याकाळी घरी आलो तर चर बुजवून वर माती पसरलेली होती. ठेकेदार म्हणाला, "सेठ, काम एक नंबर झाले आहे." मी पैसे दिले.

दीड वर्षाने शेजारच्या खाला दारात आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बेटा, माझी भिंत ओली होते आहे आणि वास येतो. एकदा बघून जा." मी पाहायला गेलो. बोळाच्या बाजूची त्यांची भिंत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळी पडली होती आणि प्लास्टर हाताने निघत होते. त्याच महिन्यात त्यांच्या नातवाला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पिण्याच्या पाण्याचा. त्यांच्या नळाचा पाइप त्याच बोळातून, माझ्या लाइनच्या शेजारून जात होता. कावीळ माझ्याच पाण्याने झाली की नाही हे कोणी सिद्ध केले नाही आणि खालांनीही तसे कधी म्हटले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी चर पुन्हा उघडला. मधल्या भागात पाइप खाली खचून त्याला उलटा उतार आला होता. तेथे मैला साचून घट्ट झाला होता. वळणावर चेंबर नव्हते, नुसता काटकोनी बेंड घातलेला होता. जोड सिमेंटने लिंपलेले होते आणि त्यांपैकी दोन फुटले होते. पाइपही पावसाच्या पाण्यासाठी मिळतो तो पातळ होता. माझी लाइन, खालांची भिंत आणि त्यांच्या नळाचा नवा पाइप, असा तिहेरी खर्च मी केला. मूळ कामाच्या कितीतरी पट रक्कम गेली. त्यानंतर मी हा विषय जाणकार प्लंबर व इंजिनिअर मंडळींकडून समजून घेतला. तोच येथे सोप्या भाषेत मांडत आहे.

सगळा खेळ उताराचा

घरातील सांडपाणी पंपाने जात नाही, आपल्या वजनाने जाते. म्हणून पाइपाचा उतार हा या कामाचा जीव आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर येथे, जी नहर बांधली, ती वीज नसताना डोंगराकडचे पाणी शहरात आणत होती. तेथे कारागिरांनी उतार राखला, म्हणून पाणी चालले. आपल्या घराच्या ३०-४० फुटांत तो राखला जात नसेल, तर दोष पाण्याचा नव्हे.

हिशेब सोपा आहे. चार इंची पाइपाला ४० फुटांत एक फूट, म्हणजे दहा फुटांमागे तीन इंच उतार द्यावा. सहा इंची पाइपाला ६० फुटांत एक फूट, म्हणजे दहा फुटांमागे दोन इंच पुरतात. एवढ्या उताराने पाणी अशा वेगाने वाहते की ते मैला व गाळ सोबत घेऊन जाते. उतार कमी असेल तर पाणी पुढे जाते आणि घाण मागे राहते. आज थोडी, उद्या थोडी, असे करत पाइप बंद होतो.

काही लोकांना वाटते की मोठा पाइप घातला म्हणजे तुंबणार नाही. हा गैरसमज आहे. सहा माणसांच्या घरात दर माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले तर ८१० लिटर होते. त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे साधारण ६५० लिटर गटारात जाते. यासाठी चार इंची पाइप भरपूर आहे. विनाकारण मोठा पाइप घेतला तर त्याच्या तळाशी पाण्याची पातळ धार वाहते आणि तिच्याने घाण वाहून जात नाही.

उतार ठरवताना सुरुवात घराकडून करू नये, नगरपालिकेच्या चेंबरपासून करावी. एक उदाहरण घ्या. मागच्या संडासापासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत ३५ फूट अंतर आहे. ३५ फूट म्हणजे ४२० इंच, त्याला ४० ने भागले की साडेदहा इंच येतात. संडासाजवळ पाइपाचा तळ जमिनीखाली दीड फूट, म्हणजे १८ इंच धरला, तर रस्त्याजवळ तो साडेअठ्ठावीस इंच खोल जाईल. आता नगरपालिकेच्या चेंबरचा तळच २४ इंचांवर असेल तर? पाणी चढावर चढणार नाही. मग संडासाची फरशी किमान अर्धा फूट उचलावी लागेल. हे जोते घालण्यापूर्वी कळले तर खर्च थोडा येतो. छत पडल्यावर कळले तर इलाज राहत नाही आणि मग ठेकेदार गुपचूप उतार कमी करतो.

आपल्या गावांत आणखी एक अडचण आहे. रस्त्याचे काँक्रीट दर वेळी जुन्या थरावर चढते आणि जुनी घरे खाली राहतात. मुसळधार पावसात रस्त्याचे गटार भरले की पाणी उलटे घरात येते. अशा घरांनी शेवटच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करावा, नाहीतर कचरा अडकून तो उघडाच राहतो. छताचे पावसाचे पाणी मात्र या लाइनला कधीही जोडू नये. त्याची वाट वेगळी असावी.

पाइप कोणता घ्यावा

पूर्वी जमिनीखाली चिनी मातीचे चकचकीत पाइप घालत. त्यांचे मानक आयएस ६५१ आहे. हा पाइप गंजत नाही, आम्लाला दाद देत नाही. पण त्याचे तुकडे दोन-तीन फुटांचे असतात, म्हणून जोड फार येतात. प्रत्येक जोडात डांबरात भिजवलेला दोर ठोकून वर सिमेंट भरावे लागते. जमीन थोडी हलली की जोड फुटतो आणि झाडाची मुळे त्यातूनच आत शिरतात. जुन्या मोहल्ल्यांत आजही असे पाइप जमिनीखाली आहेत.

आता बहुतेक ठिकाणी पीव्हीसी वापरतात. येथेच फसगत होते. पीव्हीसी सगळे सारखे दिसते, पण प्रत्येक कामाचा पाइप वेगळा आहे. आयएस ४९८५ हा पिण्याच्या पाण्याचा पाइप आहे. आयएस १३५९२ हा इमारतीच्या भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप आहे. त्यात दोन प्रकार येतात. 'ए' प्रकार हवेच्या नळीसाठी व पावसाच्या पाण्यासाठी, 'बी' प्रकार मैला व सांडपाण्यासाठी. ११० मिलिमीटरच्या पाइपात 'ए' ची जाडी २.२ मिलिमीटरपासून असते, तर 'बी' ची ३.२ मिलिमीटरपासून. बाहेरून दोन्ही एकाच मापाचे दिसतात. माझ्या घरी 'ए' प्रकार घातला होता आणि बिल 'बी' चे दिले होते.

जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी खास मानक आयएस १५३२८ आहे. त्यात पाइपाच्या ताकदीप्रमाणे एसएन २, एसएन ४ व एसएन ८ असे वर्ग असतात. आकडा जितका मोठा तितका पाइप मातीचा दाब जास्त सोसतो. अंगणातून लाइन जात असेल तर एसएन ४ घ्यावा. वरून टेम्पो किंवा मालाची गाडी जात असेल तर एसएन ८ घेणे चांगले.

पाइपावर आयएसआयची खूण असते, तिच्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की लायसन्स खरे की खोटे ते कळते. साइटवर माल उतरताना हे पाच मिनिटांचे काम आहे. सुताचा काउंट आपण तपासून घेतो, मग पाइपाचा वर्ग का तपासू नये?

चर, वाळू आणि जोड

चराची रुंदी पाइपाहून निदान एक फूट जास्त असावी, म्हणजे कारागिराला दोन्ही बाजूंनी हात घालता येतो. चर पाच फुटांपेक्षा खोल जात असेल तर दोन्ही बाजूंना फळ्या व टेकू लावल्याशिवाय मजुराला आत उतरवू नये. भिंत कोसळायला क्षण पुरतो. जुन्या मातीच्या किंवा दगडी भिंतीला चिकटून चर खोदू नये, तसेच पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नये. पाया उघडा पडला की भिंत सुटते.

चराच्या तळाला खडक, मुरूम किंवा विटांचे तुकडे असतील तर चार इंच वाळूचा थर द्यावा. पाइप या गादीवर पूर्ण लांबीने टेकला पाहिजे. विटा किंवा दगड ठेवून पाइप उचलणे आणि लेव्हल जुळवणे ही सर्रास चालणारी चूक आहे. मधला भाग अधांतरी राहतो आणि मातीच्या वजनाने खाली वाकतो. माझ्या लाइनला उलटा उतार आला तो याच कारणाने.

काळ्या मातीत दुप्पट काळजी घ्यावी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाइपाभोवती सर्व बाजूंनी वाळू किंवा बारीक मुरूम भरावा, काळी माती लागू देऊ नये. अशा जमिनीत रबर रिंगचा जोड चांगला, कारण तो थोडी हालचाल सोसतो. सिमेंटने लिंपलेला जोड ती सोसत नाही.

पाइप घालताना खालच्या टोकापासून, म्हणजे चेंबरकडून वर यावे आणि सॉकेटचे तोंड नेहमी वरच्या बाजूला, पाणी येते तिकडे ठेवावे. कापलेल्या पाइपाची कड घासून तिरपी करावी, नाहीतर ती रबर रिंग उलटी पाडते. रिंगला तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर खराब होते. साबणाचे पाणी पुरे. पाइप पूर्ण आत ढकलल्यावर सुमारे दहा मिलिमीटर मागे ओढावा, म्हणजे उन्हाने वाढायला जागा राहते. पाइप भिंतीतून जातो तेथे त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवावी. भिंतीत घट्ट चिणला तर भिंत बसताना पाइप मोडतो.

लेव्हल बघायला महाग यंत्र लागत नाही. आपल्या गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. मालकाने शेजारी उभे राहून दर दहा फुटांवर तीन इंचांचा फरक मोजून घ्यावा.

चेंबर आणि ट्रॅप

जेथे लाइन वळते, जेथे उतार बदलतो आणि जेथे दुसरी लाइन येऊन मिळते, तेथे चेंबर हवेच. चेंबर म्हणजे जमिनीखालच्या लाइनची खिडकी होय. ती नसेल तर तुंबलेली जागा शोधण्यासाठी सगळी फरशी फोडावी लागते. उथळ लाइनला दीड बाय दीड फुटाचे चेंबर चालते. त्याच्या तळाला अर्धगोल नाली करावी आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार द्यावा. सपाट तळाच्या चेंबरमध्ये मैला बसून राहतो. काटकोनी बेंडाऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड आणि 'टी' ऐवजी तिरपा 'वाय' जोड वापरावा.

दुसरी गोष्ट ट्रॅपची. न्हाणीघरात जाळीखाली जो वाकडा भाग बसवतात, त्याला आपले प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात दोन इंच पाणी नेहमी साचून राहते. हे पाणी गटारातील वायू, झुरळे व जंतू यांना अडवते. पाण्याने वास अडवण्याचा हा साधा उपाय १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने संडासासाठी पेटंट केला. दोनशे पन्नास वर्षांनीही त्याला पर्याय सापडलेला नाही.

ट्रॅप असून भागत नाही, त्यात पाणीही हवे. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तपासात न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हे त्यामागचे एक मुख्य कारण निघाले. ट्रॅप कोरडे असल्याने गटारातील दूषित हवा घरांत ओढली गेली. म्हणून जे न्हाणीघर वापरात नाही, त्याच्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे. लाइनला हवेची उभी नळीही हवी. ती छताच्या वर, खिडक्यांपासून दूर काढावी. हवेची नळी नसेल तर वरच्या मजल्याचे पाणी जोराने उतरताना खालच्या ट्रॅपमधील पाणी ओढून नेते आणि घरात वास सुटतो.

खाली माग, वर घर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत अनेकांचे खाली कारखाना आणि वर घर असते. तेथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, मागांच्या पायाखालून लाइन नेऊ नये. दिवसरात्रीच्या हादऱ्याने जोड ढिले होतात. दुसरा मार्गच नसेल तर तेवढ्या भागात जोड येऊ देऊ नये आणि पाइपाभोवती काँक्रीट भरावे.

दुसरी, रुईची उडती फुसफूस व धाग्यांचे तुकडे कारागिरांच्या हातपाय धुण्याच्या मोरीतून गटारात जातात. साबण आणि मागाचे तेल मिळाले की त्यांचा दोरखंड तयार होतो. यासाठी मोरीनंतर दोन बाय दोन फुटांचे एक वेगळे चेंबर बांधावे. त्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाचे तोंड पाण्यात खाली वळवावे. तेल व रुई वर तरंगत राहतात आणि मधले पाणी पुढे जाते. दर आठवड्याला वरचा थर काढून टाकावा.

तिसरी, साइझिंगची खळ किंवा रंगाचे पाणी घरच्या लाइनमध्ये सोडू नये. खळ पाइपात बसते आणि कुजते. शिवाय असे पाणी सोडण्यासाठी १९७४ च्या जल कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

पिण्याच्या पाण्यापासून दूर

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळच येते. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. पाणी बंद होताना त्यात ओढ निर्माण होते. अशा वेळी पाइपाला भेग असेल आणि बाहेर गटाराचे पाणी मुरलेले असेल, तर ते आत ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात येते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली होती, ती पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्यानेच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीनेही काविळीची मोठी साथ पाहिली.

म्हणून पिण्याच्या पाण्याची लाइन नेहमी वर आणि ड्रेनेज खाली असावी. शक्य असेल तर दोन्ही बोळाच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात. नळाचा पाइप गटारातून किंवा चेंबरमधून तर कधीच नेऊ नये. बोळ सामाईक असेल तर काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावून त्यांचे पाइप कोठून जातात ते विचारावे. चूक आपली, खर्च आपला आणि आजारी पडणार शेजाऱ्याचे मूल, असे होऊ नये.

जेथे नगरपालिकेची ड्रेनेज लाइन नाही, तेथे सेप्टिक टाकी करावी लागते. तिच्या शोषखड्ड्याचे अंतर विहीर किंवा बोअरपासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट असावे. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही, कारण ती पाणी मुरू देत नाही. टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी मशीनच्या गाडीने काढावा.

झाकण्यापूर्वी तीन चाचण्या

या लेखातील एवढा भाग कापून ठेवला तरी चालेल. चर उघडा असतानाच या तीन चाचण्या घ्याव्यात.

आरशाची चाचणी : दोन चेंबरांमधील पाइपाच्या एका टोकाला बॅटरी धरावी आणि दुसऱ्या टोकाला आरसा. आरशात उजेडाचे पूर्ण गोल वर्तुळ दिसले तर लाइन सरळ आहे. वर्तुळ कापलेले दिसले तर पाइप कोठेतरी वाकला आहे.

चेंडूची चाचणी : पाइपाच्या आतल्या मापाहून अर्धा इंच लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाने सोडावा. तो न अडता खालून बाहेर आला पाहिजे. आत सिमेंटचा गोळा किंवा पुढे आलेली कड असेल तर तो तेथेच थांबतो.

पाण्याची चाचणी : खालचे तोंड घट्ट बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे व खूण करावी. अर्धा तास थांबावे. रबर रिंगच्या पीव्हीसी लाइनमध्ये पातळी उतरता कामा नये. उतरली तर एकेक जोड हाताने तपासावा.

तिन्ही चाचण्या झाल्या की मोबाइलवर फोटो काढावेत. कागदावर नकाशा करून भिंतीपासूनची अंतरे व खोली लिहावी आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवावा. मगच चर भरावा. पाइपाच्या वर एक फुटापर्यंत दगड नसलेली बारीक माती किंवा वाळू, सहा-सहा इंचांच्या थरांनी हलक्या हाताने दाबून भरावी. रस्त्याखाली पाइपावर तीन फूट माती असावी. तेवढी मिळत नसेल तर पाइपाभोवती काँक्रीटचे कवच द्यावे.

माणूस आत उतरवू नये

लाइन कधी ना कधी तुंबतेच. अशा वेळी स्वस्तात काम व्हावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत उतरवले जाते. आत साचलेल्या विषारी वायूने तो दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने अशा प्रकारे माणूस उतरवणे गुन्हा ठरवले आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या घराच्या घाणीसाठी कोणाचे मूल पोरके व्हावे काय? बांधताना पुरेशी चेंबरे ठेवली तर वरूनच सळई किंवा मशीनने साफसफाई होते.

बोलणी कशी करावी

ठेकेदाराशी बोलणी करताना एक साधा कागद करावा. त्यात पाइपाचे मानक व वर्ग, चेंबरांची संख्या, दहा फुटांमागचा उतार आणि तिन्ही चाचण्या लिहाव्यात. "मालकाने चर पाहिल्याशिवाय माती टाकायची नाही" हे वाक्य अवश्य घालावे. काही रक्कम राखून ठेवावी आणि चाचण्या व एक पावसाळा पार पडल्यावर द्यावी. चांगल्या कारागिराला यात अपमान वाटत नाही, उलट त्याच्या कामाची कदर होते. नगरपालिकेच्या लाइनला जोडणी लायसन्स असलेल्या प्लंबरकडूनच करून घ्यावी.

आपल्या मुलांसाठीही यात रोजगार आहे. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. लेव्हल धरणारा, नकाशा वाचणारा, चाचणी करून काम ताब्यात देणारा प्लंबर आज सहज मिळत नाही. जो असे काम देतो त्याला गिऱ्हाईक शोधत येते.

खालांची भिंत मी दुरुस्त करून दिली तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "बेटा, तू उघडून पाहिलेस, हे बरे केलेस." मी त्यांना काय सांगणार? उघडून पाहण्यापेक्षा झाकण्यापूर्वी पाहिले असते तर त्यांची भिंत ओली झाली नसती. ज्यांची घरे आता बांधायला निघाली आहेत, त्यांनी तो एक दिवस दुकान बंद ठेवावे आणि चराच्या काठावर उभे राहावे. एका दिवसाचा गल्ला जाईल. मी त्या एका दिवसाच्या गल्ल्यासाठी किती पैसे मोजले ते वर सांगितलेच आहे.